धाव आणि फेरा : एंजिनाच्या घनफळाचे मोजमाप, सातारा-सांगलीच्या यंत्रेतिहासाच्या आधारे

१

यंत्राचा इतिहास लिहिताना आकड्यांवाचून चालत नाही. परंतु आकडा कशाचा आहे हे तपासल्यावाचून तो लिहिला गेला, तर त्याच आकड्यामुळे इतिहास चुकतो. कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या शंभर वर्षांत जी एंजिने तयार झाली व वापरली गेली, त्यांच्या माहितीपत्रकांत दोन प्रकारचे आकडे आढळतात. पहिला अश्वशक्तीचा, दुसरा घनफळाचा. विहिरीवरच्या तेल-एंजिनाची ओळख पहिल्या आकड्याने दिली जाते. रस्त्यावरच्या मोटारसायकलीची व मोटारगाडीची दुसऱ्याने. दोन्ही आकडे यंत्राचे सामर्थ्य सांगतात असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः दुसरा आकडा सामर्थ्य सांगत नाही, तर एक जागा सांगतो. आणि त्या जागेचा उपयोग किती वेळात किती वेळा होतो हे वाचकाला ठाऊक आहे, असे तो गृहीत धरतो.

हे गृहीत जोवर सर्वांना मान्य होते तोवर वाद उद्भवला नाही. १९५७ साली जर्मनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले फिरत्या दट्ट्याचे पहिले एंजिन चालले, तेव्हा मात्र ते गृहीत एकदम उघडे पडले. या एंजिनाचे घनफळ किती, या साध्या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे मिळू लागली. आणि कर घेणारे, शर्यती भरविणारे व गाड्या विकणारे यांनी आपापल्या सोयीचे उत्तर पत्करले. या वादाचा उलगडा करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. त्याची सामग्री सातारा-सांगलीच्या विहिरींवर, कारखान्यांत व रस्त्यांवर पूर्वीपासून होतीच.

२

मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून खाली जातात त्या उतरणीस 'धाव' म्हणतात. बैल धावेच्या टोकाशी पोहोचले की भरलेली मोट वर येते व थारोळ्यात रिकामी होते. बैल मागे सरकले की ती पुन्हा विहिरीत उतरते. एंजिनाच्या सिलिंडरात दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे अंतर कापतो त्यालाही मराठी तंत्रलेखकांनी 'धाव' हाच शब्द योजिला. हे साम्य केवळ शब्दाचे नाही. मोट हे खऱ्या अर्थाने घनफळाचे यंत्र आहे. प्रत्येक खेपेस ठरावीक माप भरते व रिकामे होते. दिवसभरात किती पाणी निघेल हे मोटेच्या आकारावर जितके अवलंबून असते, तितकेच खेपांच्या संख्येवर. चार बैलांची मोठी मोट व दोन बैलांची लहान मोट यांची तुलना केवळ चामड्याच्या आकारावरून कोणताही शेतकरी करणार नाही. लहान मोटेच्या खेपा लौकर होत असतील, तर दिवसाअखेर दोन्हींखालचे भिजणे जवळपास सारखे असू शकते.

हातपंपाची गोष्ट तशीच. दांडा एकदा वर-खाली झाला म्हणजे नळकांड्यातील ठरावीक पाणी बाहेर पडते. म्हणून अशा पंपाचे वर्णन 'दर धावेस इतके पाणी' असे करता येते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागला, तेव्हा मात्र हे वर्णन अपुरे पडले. त्या पंपात भरणारे व रिकामे होणारे माप नाही, दट्ट्या नाही, धाव नाही. पात्यांचे चाक अखंड फिरते व पाणी अखंड वाहते. त्याची क्षमता 'दर मिनिटास इतके पाणी, इतक्या उंचीपर्यंत' अशीच सांगावी लागते. म्हणजे येणे-जाणे करणाऱ्या यंत्राकडून फिरणाऱ्या यंत्राकडे जाताना मोजमापाची भाषा 'दर खेपेस' वरून 'दर मिनिटास' कडे सरकली. पुढे एंजिनांच्या बाबतीत जो गोंधळ झाला, त्याचे मूळ हे स्थित्यंतर बोलून न दाखविण्यात आहे.

३

या प्रदेशात यंत्रनिर्मिती कशी रुजली हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगर व कडबा कापण्याचे यंत्र यांपर्यंत मजल मारली, आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यास जागा व आश्रय दिला. हीच पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाली. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून एकाच कारखान्याचे कागद औंध संस्थान, दक्षिण सातारा व सांगली अशा तीन पत्त्यांखाली सापडतात, हे संशोधकाने ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरे केंद्र सातारा रोड. साताऱ्याचे सर धनजीशा कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते, त्यांनी १९२२ मध्ये उभारलेल्या कारखान्यात प्रथम नांगरांसारखी शेतीची अवजारे व पुढे १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने तयार होऊ लागली. हा कारखाना कालांतराने वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. त्याच वालचंदांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये देण्यात आले. महाविद्यालयाची स्थापना १९४७ ची. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस तेल-एंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, तेव्हा किर्लोस्करवाडीचा पंप व खडकीचे एंजिन अशी जोडी कृष्णा-वारणेच्या मळ्यांतून दिसू लागली.

या एंजिनांचा ग्राहक शेतकरी होता व त्याला घनफळाशी कर्तव्य नव्हते. किती उंचीवर किती पाणी चढेल एवढेच त्याला हवे होते, आणि त्याचे उत्तर अश्वशक्तीत मिळे. हे एकक जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या यंत्राची घोड्याच्या कामाशी तुलना करण्यासाठी योजिले : एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॉट. त्यात काम व काळ हे दोन्ही समाविष्ट असल्यामुळे बैलांची जागा एंजिनाने घेतली व १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागल्यावर एंजिनाची जागा हळूहळू विजेच्या मोटारीने घेतली, तरी हे एकक टिकून राहिले. विजेच्या मोटारीत सिलिंडरच नाही, तेव्हा घनफळाचा प्रश्नच नाही. पण 'पाच अश्वशक्तीची मोटार' हा शब्दप्रयोग पूर्वीच्या 'पाच अश्वशक्तीच्या एंजिना'चा सरळ वारस ठरला. १९५६ च्या वजनेमापे कायद्याने दशमान पद्धती आणली व किलोवॉट हे अधिकृत एकक रूढ होत गेले, तरी महाराष्ट्रात कृषिपंपांची वीजआकारणी दीर्घकाळ अश्वशक्तीच्या हिशेबाने होत राहिली. मोजमापाचा आकडा हा अशा रीतीने शेतकऱ्याच्या बिलाचा आकडा झाला. तेथे तो निव्वळ शास्त्रीय राहत नाही.

४

दट्ट्याच्या एंजिनाचे घनफळ काढण्याची रीत सोपी आहे. सिलिंडरच्या आतील व्यासावरून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढावे, त्यास धावेच्या लांबीने गुणावे, व सिलिंडरांच्या संख्येने पुन्हा गुणावे. दट्ट्या जेवढी जागा कापतो तेवढेच यात धरले जाते. त्याच्या डोक्यावर उरणारी ज्वलनाची जागा धरली जात नाही.

दोन प्रसिद्ध एंजिने उदाहरणादाखल घ्यावीत. इंग्लंडातील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीचे १९३० च्या सुमारास निघालेले सी.एस. जातीचे संथगती एंजिन पश्चिम भारतात अतिशय परिचित झाले. राजकोट येथे त्याच्या नमुन्यावर असंख्य एंजिने तयार झाली. त्याचा व्यास ४.५ इंच, धाव ५.५ इंच, म्हणजे घनफळ सुमारे १,४३३ घन सेंटिमीटर. मिनिटास ६०० फेरे घेऊन ते ५ अश्वशक्ती देई. त्याचे नावच '५/१' असे होते : पाच अश्वशक्ती, एक सिलिंडर. त्या नावात घनफळाचा मागमूस नाही. दुसरे उदाहरण किर्लोस्करांच्या ए.व्ही.१ या एंजिनाचे. देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थ्यांनी याच एंजिनावर चाचण्या केल्या आहेत. त्याचा व्यास ८० मि.मी., धाव ११० मि.मी., घनफळ ५५३ घ.सें.मी.; आणि मिनिटास १,५०० फेऱ्यांच्या गतीला शक्ती ५ अश्वशक्ती, म्हणजे ३.७ किलोवॉट.

केवळ घनफळ पाहिले तर दुसरे एंजिन पहिल्याच्या दोन-पंचमांशाहूनही लहान. त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढला, की काळ पुढे गेला तसे शेतकऱ्याच्या हाती दुबळे यंत्र आले, तर तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. दोन्ही एंजिने चार धावांची आहेत. म्हणजे हवा ओढणे, दाबणे, ज्वलन व उत्सर्ग हे चक्र भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा पुरे होते. म्हणून लिस्टर मिनिटास ३०० वेळा श्वास घेते व ए.व्ही.१ हे ७५० वेळा. १,४३३ ला ३०० ने गुणिले असता मिनिटास सुमारे ४३० लिटर होतात. ५५३ ला ७५० ने गुणिले असता सुमारे ४१५ लिटर. दोन्ही एंजिने पाच अश्वशक्तीचीच का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. एका मिनिटात कापलेली जागा जवळपास सारखी, ज्वलनाचा सरासरी दाबही जवळपास सारखा, म्हणून शक्ती सारखी. मोठी मोट सावकाश चालली, लहान मोट भराभर चालली; थारोळ्यात पाणी तेवढेच पडले.

काळ विसरून केलेल्या मोजमापाचे फळ काय होते याचा एक बोलका दाखला इंग्लंडातील करपद्धतीत मिळतो. १९१० पासून तेथे मोटारगाड्यांवरील कर एका सूत्राने ठरविलेल्या अश्वशक्तीवर बसे. व्यासाचा इंचांतील वर्ग घ्यावा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावा व २.५ ने भागावा. धावेची लांबी व फेऱ्यांची गती या सूत्रात येतच नसे. दट्ट्याचा वेग मिनिटास १,००० फूट आहे असे धरून चालले होते. हे सूत्र वरील दोन एंजिनांना लावून पाहिले तर लिस्टरची शक्ती ८.१ व ए.व्ही.१ ची सुमारे ४ भरते. प्रत्यक्षात दोन्ही ५ ची. लिस्टरचा दट्ट्या मिनिटास अवघे ५५० फूट चालतो, ही गोष्ट सूत्राला ठाऊकच नाही. ज्या गोष्टीवर कर नाही ती वाढवावी हा मनुष्यस्वभाव. त्यामुळे इंग्रज कारखानदारांनी अनेक वर्षे बारीक व्यासाची व लांब धावेची एंजिने बांधली. मोजमापाने यंत्राचे वर्णन करावयाचे, ते येथे यंत्राला घडवू लागले. हे सूत्र करआकारणीतून १९४७ मध्ये गेले.

५

साताऱ्यात या प्रश्नाने १९७५ नंतर निराळे रूप घेतले. त्या वर्षी बजाज ऑटो व पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली व तिच्या सातारा येथील कारखान्यातून 'प्रिया' ही स्कूटर बाहेर पडू लागली. स्कूटर मिळण्यास वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे असा तो काळ होता. ती 'दीडशे सी.सी.'ची म्हणून ओळखली जाई. वेस्पा कुळातील या वर्गाच्या एंजिनाचा व्यास ५७ मि.मी. व धावही ५७ मि.मी. असते, गुणाकार केला की १४५.४५ घ.सें.मी. येतात. दीडशे हे वर्गाचे नाव होते, माप नव्हे.

परंतु याहून महत्त्वाचा फरक निराळा आहे. हे एंजिन दोन धावांचे. त्याचे चक्र भुजादंडाच्या एका फेऱ्यातच पुरे होते, ए.व्ही.१ ला जे करण्यास दोन फेरे लागतात ते हे एकात करते. म्हणजे घनफळ सारखे असले तरी दोन धावांचे एंजिन त्याच गतीला दुप्पट वेळा श्वास घेते. प्रत्यक्षात ताजे मिश्रण व जळालेला वायू यांची सरमिसळ होत असल्याने शक्ती दुप्पट मिळत नाही, तेलही अधिक जळते. तरी गणिताच्या दृष्टीने अंतर दुपटीचे आहे. असे असून परवाना, कर वा जाहिरात यांत कोणीही स्कूटरच्या आकड्याला दोनाने गुणिले नाही. १४५ हा आकडा एका फेऱ्याचा, ५५३ हा दोन फेऱ्यांचा. दोन्ही शेजारी शेजारी 'सी.सी.' या एकाच नावाखाली नांदले. शर्यतींच्या जगाने ही विसंगती उघड मान्य केली ती बऱ्याच उशिरा : २००२ साली जागतिक मोटारसायकल स्पर्धेच्या अव्वल वर्गात दोन धावांच्या ५०० सी.सी. एंजिनासमोर चार धावांच्या ९९० सी.सी. एंजिनास परवानगी देण्यात आली. जवळजवळ दुप्पट.

६

आता वांकेल एंजिनाकडे वळता येईल. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्या कल्पनेवर एन.एस.यू. या जर्मन कारखान्याने काम केले. १९५७ च्या फेब्रुवारीत पहिले प्रायोगिक एंजिन चालले. त्याची आजची सुटसुटीत बांधणी कारखान्यातील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी सिद्ध केली. १९६४ मध्ये 'स्पायडर' ही एका चक्राची व १९६७ मध्ये 'आर ओ ८०' ही दोन चक्रांची गाडी विक्रीस आली. त्याच १९६७ साली जपानातील तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, हिने 'कॉस्मो' ही दोन चक्रांची गाडी काढली.

या एंजिनात सिलिंडर नाही. मध्यावर किंचित चेपलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी दट्ट्या फिरतो. त्याची तीन टोके पोकळीच्या भिंतीस सदैव चिकटून असल्यामुळे तीन बाजूंवर तीन कप्पे तयार होतात. दट्ट्या फिरताना प्रत्येक कप्पा आळीपाळीने मोठा व लहान होतो. हवा ओढणे, दाबणे, ज्वलन व उत्सर्ग या चारही अवस्था प्रत्येक कप्प्यात क्रमाने घडतात. मधला दंड दट्ट्याच्या तिप्पट वेगाने फिरतो. म्हणजे दट्ट्याचा एक फेरा पुरा होईतो दंडाचे तीन फेरे होतात, आणि तेवढ्यात तिन्ही कप्पे एकेकदा आपले चक्र पुरे करतात. हिशेब केला तर दंडाच्या दर फेऱ्यास एक ज्वलन पडते.

एका कप्प्याचे घनफळ, म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकारातील अंतर, तीन मापांवरून काढता येते : दंडाची उत्केंद्रता, दट्ट्याची त्रिज्या व त्याची रुंदी. या तिहींचा गुणाकार करून त्यास ३√३ ने, म्हणजे ५.१९६ ने गुणावे. माझदाच्या १३बी या एंजिनात ही मापे अनुक्रमे १५, १०५ व ८० मि.मी. आहेत. गुणाकार सुमारे ६५४.७ घ.सें.मी. येतो. दोन चक्रे असल्याने कारखाना या एंजिनाचे घनफळ १,३०८ घ.सें.मी. असे सांगतो.

येथेच तीन पक्ष निर्माण होतात. पहिला पक्ष कारखानदारांचा : प्रत्येक चक्राचा एकच कप्पा मोजावा, उत्तर १,३०८. दुसरा पक्ष तुलना करणाऱ्यांचा : चार धावांच्या एंजिनाचे घनफळ दोन फेऱ्यांच्या अवधीत मोजलेले असते, तेव्हा येथेही दोन फेऱ्यांत किती कप्पे भरले हे पाहावे; उत्तर २,६१६. तिसरा पक्ष भूमितीचा : चार सिलिंडरांच्या एंजिनात आपण चारही सिलिंडर मोजतो, तर येथे तीनही कप्पे का मोजू नयेत? उत्तर ३,९२४.

तिन्ही पक्षांचे युक्तिवाद वाचले म्हणजे प्रत्येक खरा वाटतो व इतर दोन फसवे वाटतात. परंतु वरील विवेचनाच्या प्रकाशात पाहिले तर त्यांच्यात विरोधच नाही. १,३०८ हे दंडाच्या एका फेऱ्याचे घनफळ आहे, २,६१६ हे दोन फेऱ्यांचे, आणि ३,९२४ हे तीन फेऱ्यांचे. तिसऱ्या उत्तरास तिनाने भागा, दुसऱ्यास दोनाने भागा, पहिलेच येते. एकाच गतीची ही तीन मापे. वाद घनफळाविषयी नव्हता, तर न उच्चारलेल्या काळाविषयी होता. दट्ट्याच्या एंजिनात हा काळ रूढीने ठरून गेला होता, म्हणून तो सांगावा लागत नव्हता; नव्या यंत्रास रूढी नव्हती.

कारखानदारांचा पक्ष धूर्तपणाचा होता असेही सरसकट म्हणता येत नाही. एका फेऱ्यात एक ज्वलन या बाबतीत वांकेलचे एक चक्र दोन धावांच्या एका सिलिंडरासारखे आहे. आणि दोन धावांच्या एंजिनाचे घनफळ कोणतीही दुरुस्ती न करता जसेच्या तसे स्वीकारले जात होते. साताऱ्याच्या स्कूटरचा १४५ हा आकडा जर प्रामाणिक, तर हिरोशिमाच्या मोटारीचा १,३०८ हा आकडाही तितकाच प्रामाणिक. फरक इतकाच, की स्कूटरची तुलना बहुधा तिच्यासारख्याच दोन धावांच्या स्कूटरशी होई, तर वांकेलची मोटार चार धावांच्या मोटारींमध्ये येऊन उभी राहिली. 'आर ओ ८०' ही ९९५ सी.सी.ची गाडी ११५ अश्वशक्ती देते असे ऐकणाऱ्यास चमत्कार वाटे; तीच दोन लिटरच्या गाड्यांशेजारी ठेवली की चमत्कार राहत नाही, एक चांगली गाडी उरते.

७

व्यवहाराला मात्र निर्णय हवा असतो. जपानी करपद्धतीने वांकेल एंजिनाच्या घनफळास दीडपट करण्याची रीत स्वीकारली. १,३०८ ची दीडपट १,९६२. म्हणजे ही मोटार दोन लिटरच्या आतील वर्गात बसली. आंतरराष्ट्रीय मोटार-शर्यतींच्या नियमांत दुपटीचा व नंतर १.८ पटीचाही गुणक आढळतो. एक, दीड, १.८, दोन, तीन : यांपैकी दीड व १.८ यांना भूमितीचा आधार नाही. ते तडजोडीचे आकडे आहेत. वांकेल एंजिनाचे कप्पे लांबट व चपटे असल्याने ज्वलन तितके पूर्ण होत नाही व इंधन अधिक लागते, हे ध्यानात घेऊन दिलेली ती सवलत होय, असे त्यांचे समर्थन करता येते. पण तसे केले की घनफळ हे माप न राहता निवाडा होतो.

महाराष्ट्रात वांकेल एंजिनावर जे काम झाले तेथे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. संरक्षण संशोधन संस्थेची नगर येथील वाहन संशोधन व विकास प्रयोगशाळा, बंगळूरची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा व तेथीलच वैमानिकी विकास संस्था यांनी मिळून 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल एंजिन तयार केले, आणि २००९ च्या मार्चमध्ये कोलार येथे त्यावर विमानाचे उड्डाण झाले. विमानाला पाहिजे ते कमी वजनात अधिक सामर्थ्य व कमी कंप. तेथे मोजमाप अश्वशक्ती व किलोग्रॅम यांत झाले. एंजिनाची जागा किती सी.सी. हा प्रश्न तेथे दुय्यम होता. आश्चर्य असे, की ही रीत कृष्णाकाठच्या विहिरीवरील रीतीशी जुळते. काम किती, काळ किती, भार किती हे कळले की आतली पोकळी कशी मोजावी हा वाद उरत नाही.

८

या विवेचनातून इतिहासाच्या अभ्यासकास घेण्याजोग्या गोष्टी तीन. पहिली, सातारा रोड, किर्लोस्करवाडी वा सातारा येथील उत्पादनाची दशकवार तुलना करताना केवळ घनफळाचे आकडे मांडू नयेत. व्यास, धाव, सिलिंडरांची संख्या, दर मिनिटाचे फेरे आणि चक्र दोन धावांचे की चार धावांचे, ही पाच कलमे एकत्र नोंदवावीत. ती असली म्हणजे मिनिटास कापलेले घनफळ काढता येते व निरनिराळ्या काळांतील यंत्रे एका तागडीत घालता येतात. दुसरी, माहितीपत्रकातील आकडा कोणासाठी छापला आहे हे पाहावे. शेतकऱ्यासाठी छापलेली अश्वशक्ती, करवसुलीसाठी सूत्राने काढलेली अश्वशक्ती व प्रयोगशाळेत मोजलेली अश्वशक्ती या एकाच नावाच्या तीन वस्तू आहेत. इंग्रजी सूत्राने लिस्टरचे एंजिन आठ अश्वशक्तीचे ठरते. विहिरीवर ते पाचाचेच असते. तिसरी, गुणक दिसला की तो शास्त्राचा आहे की सवलतीचा हे विचारावे.

जुन्या कारखान्यांची दप्तरे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. अशा वेळी मळ्यातल्या झोपडीत गंजत पडलेल्या एखाद्या एंजिनावरील पितळी पट्टी हाही पुरावा ठरतो. तिच्यावर बहुधा अश्वशक्ती व फेरे हे दोनच आकडे कोरलेले असतात. ते उतरवून घेताना सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धाव हीही मोजून घ्यावी. पट्टीवर जे कोरलेले नाही तेच नंतरच्या अभ्यासकाला लागणार आहे.